गायझरा हंगामी होता

नाशिक
११ जानेवारी १९९५

प्रिय चंद्या,

पत्र बघून दचकू नकोस, जिवंत आहे. नोकरी लागल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा शिव्या घालायच्या तर तोंडावर घाल, कारण मी तुझ्याकडेच येतोय.

आमच्या खात्याने जिल्ह्याची नैसर्गिक संपत्ती मोजायला काढली आहे. कुठे बांधकामाचा दगड, कुठे मुरूम, कुठे वाळू, कुठे बारमाही पाणी, सगळं नकाशावर आणायचं. आमच्या सायखेड्याची बाजू दिवाळीतच उरकली. आता वाटणीला आलेत हरसूलचे डोंगर. बाकीचे कटकट करत होते, तिकडे जेवायचे हाल, लोक बोलत नाहीत, पोरं बघून पळतात. मी म्हटलं, साहेब, मला पाठवा. तिथल्या आश्रमशाळेतला मास्तर माझा वसतिगृहातला खोलीदार आहे. तीन वर्षं एका ताटात जेवलोय. तो कुड्याच्या पाड्याचाच.

साहेब खूश. आता माझी लाज तुझ्या हातात. लोकांना समजाव की हातोडी आणि होकायंत्र घेऊन फिरणारा माणूस जमीन काढून घ्यायला आलेला नाही.

तुझा,
रंगा


कुड्याचा पाडा, हरसूल
२२ जानेवारी १९९५

प्रिय रंगा,

खुशाल ये. आशाने तुझ्यासाठी मधली खोली सारवून ठेवली आहे.

लोकांचं मात्र सोपं गेलं नाही. सहादूबाबाला तू ओळखत नाहीस. पाड्यातला सगळ्यात जुना माणूस, त्याच्या शब्दाबाहेर इथे लग्नसुद्धा ठरत नाही. तो म्हणाला, "पोरा, सरकारनं मोजलेलं आपल्याकडं राहिलंय का कधी?" मी म्हटलं, "बाबा, जे नकाशावर नाय त्याला सरकार टाकी देत नाय, पाईप देत नाय. आपला गायझरा एकदा कागदावर चढला की बायांची डोंगरावरची खेप वाचंल." माझी अक्काआत्या, पाड्यातल्या बायका तिचं ऐकतात, ती म्हणाली, "चंदर शिकलाय. तो सांगतो तर दाखवा." मग सहादूबाबा हसला आणि म्हणाला, "दाखव बाबा. पन झऱ्यावर चपला घालून जाऊ देऊ नको त्याला."

माझी आई म्हणते, दोस्त आहे ना, मग नागलीची भाकर खातो का ते विचार.

झरा मी स्वतः तुला दाखवीन. मे महिन्यात सगळा डोंगर पिवळा पडतो तेव्हाही तो मनगटाएवढ्या धारेने वाहतो. अहवालात तेवढं नीट लिही. बाकी काही मागत नाही.

तुझा,
चंदर


नाशिक
९ मार्च १९९५

प्रिय चंद्या,

परत येऊन आठवडा झाला तरी तोंडाला तुझ्या आईच्या, रंगूमावशीच्या, भाकरीची चव आहे. रंगूमावशीला सांग, निघताना तिने बांधून दिलेले वरईचे तांदूळ आमच्या घरी कोणाला शिजवताच आले नाहीत, लगदा झाला.

तू विचारत होतास ना, झरा तिथेच का? डोंगर म्हणजे एकावर एक ठेवलेले थर. वरचा दगड सच्छिद्र, पावसाचं पाणी पितो. त्याच्याखाली काळा दगड, एकसंध, कुठे चीर नाही. पाणी त्याच्या पाठीवरून घसरत येतं आणि तुमच्या उंबराखाली बाहेर पडतं. तो काळा दगड मी फोडून पाहिला. काय दगड आहे! घण मारला की घंटेसारखा वाजतो. असा दगड हायवेच्या कामाला मिळत नाही म्हणून लोक नगरपर्यंत जातात.

झऱ्याचं लिहिलं आहे, काळजी करू नकोस.

आता खरी बातमी. पिंपळगाव बसवंतचं स्थळ आलंय. मुलगी मोहिनी, बी.कॉम. आहे. भाऊ किशोरशेठ, द्राक्षांच्या टेंपोंपासून सुरुवात केली, आता दोन खडी क्रशर आहेत. बघायला गेलो तेव्हा किशोरशेठ मुलीबद्दल कमी आणि माझ्या सर्व्हेबद्दल जास्त विचारत होते. हुशार माणूस. लग्न मेमध्ये, तू आणि आशावहिनी आलेच पाहिजेत.

रंगा


कुड्याचा पाडा
३ डिसेंबर १९९५

प्रिय रंगा,

तुझ्या लग्नाला येऊन गेल्यावर आज लिहायला बसतोय. लग्न झोकात झालं. मला मांडवात कोणी ओळखत नव्हतं, पण किशोरशेठ स्वतः शोधत आले, शेजारी बसवून वाढायला लावलं. पाड्याला ट्रक जाईल असा रस्ता आहे का, विचारत होते. मी म्हटलं, पावसाळा सोडला तर जीप येते.

आनंदाची गोष्ट म्हणजे गेल्या सोमवारी पाड्यात मशीन आलं! पिवळं, मोठं. डोंगराच्या पायथ्याशी रस्ता काढायला लागलं आहे. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांचं काम आहे. टाकीचंच असणार. एवढ्या लवकर होईल असं मला वाटलं नव्हतं. आईने त्या ड्रायव्हरला गूळपाणी दिलं. अक्काआत्या बायकांना सांगत फिरते आहे की आमच्या चंदरच्या दोस्ताने करून आणलं.

सहादूबाबा तेवढा कोड्यात आहे. म्हणतो, टाकी वर पाहिजे, रस्ता खाली कशाला? मी सांगितलं, सामान न्यायला. बरोबर ना?

एक ओळ लिही.

चंदर


नाशिक
२० डिसेंबर १९९५

प्रिय चंदर,

घाईत आहे, थोडक्यात लिहितो.

ते काम टाकीचं नाही. तिथे दगडखाण मंजूर झाली आहे. वरून झालं, माझ्या टेबलावर कागद आलाच नाही. योगायोगाने परवाना किशोरशेठना मिळाला. मला स्वतःला हे लग्नानंतर कळलं.

पण घाबरण्यासारखं काही नाही. खाण झऱ्याच्या बरीच खाली आहे. पाणी वरून येतं, दगड खालचा काढणार, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. शिवाय तुमच्या लोकांना लावणी संपली की गाव सोडून द्राक्षाच्या बागांवर जावं लागतं, ते थांबेल. घराशेजारी काम.

लोक बिथरले तर तू समजावून सांग. तुझं ऐकतात. मी एवढी वर्षं हेच शिकलो आहे, मी सांगतो म्हणून सांग. मोहिनीचा नमस्कार.

रंगनाथ


कुड्याचा पाडा
१६ मार्च १९९८

रंगा,

मध्ये दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. पत्ता बदलला असेल म्हणून हे तुझ्या ऑफिसवर पाठवतोय.

गायझरा गेला.

मागच्या उन्हाळ्यात धार करंगळीएवढी झाली होती. तेव्हा मीच लोकांना सांगितलं, पाऊस कमी झाला म्हणून. दिवाळीनंतर खाणीत मोठे सुरुंग लावायला लागले. घरातली भांडी फळीवरून खाली पडायची, आमची मुलगी हर्षाली झोपेतून किंचाळून उठायची. ती अजून वर्षाचीही झाली नव्हती. होळीच्या आधी एका सकाळी बायका वर गेल्या तर उंबराखाली ओल होती फक्त. दोन दिवसांनी तीही गेली. आता पाणी आणायला खाली ओहळात उतरावं लागतं. कडा आहे, पाय ठेवायला जागा नाही.

लोक खाणीवर गेले. तिथल्या सुपरवायझरने हात वर केले. म्हणाला, "आम्हाला काय विचारता? तुमच्याच मास्तरनं डोंगर दाखवला. शेठच्या घरी लग्नाला जाऊन जेवून आलाय तो. रस्ता पण त्यानंच सांगितला."

संध्याकाळी सगळे माझ्या दारात. मी काय सांगणार होतो? डोंगर मीच दाखवला. लग्नाला गेलो होतो. झऱ्याला काही होत नाही, हेही मीच सांगितलं होतं, तुझ्या शब्दावर. अक्काआत्याने मला लहानपणी कडेवर खेळवलं आहे. ती पुढे आली आणि म्हणाली, "किती घेतलंस रं? पानी इकलंस, त्याचं किती आलं?" मी आईची शपथ घेतली. तर सहादूबाबा म्हणाला, "आईला मधी घालू नको." आणि सगळे निघून गेले.

त्या दिवसापासून आमच्याशी कोणी बोलत नाही. आमच्या घरी कोणी विस्तव मागत नाही, देत नाही.

रंगा, मी तुझ्याकडे झरा मागत नाही. तो तुला आणता येणार नाही हे मला कळतं. तू फक्त एकदा ये. बाजाराच्या दिवशी ये, सगळे हरसूलला असतात. सहादूबाबासमोर उभा राहून एवढंच सांग, की चंदरला काही माहीत नव्हतं, त्याने काही घेतलं नाही. तुझं ऐकतील. तू साहेब आहेस.

चंदर


नाशिक
२ एप्रिल १९९८

प्रिय चंदर,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण कृपा करून असली पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर पाठवू नकोस. इथे टपाल फोडून टेबलावर येतं.

झरे आटतात. यंदा जिल्ह्यात सगळीकडे पातळी खाली गेली आहे. सुरुंगामुळेच झालं असं शास्त्रीयदृष्ट्या कोणी सिद्ध करू शकत नाही, मीसुद्धा नाही.

येण्याचं म्हणशील तर आत्ता शक्य नाही. मोहिनीचे दिवस भरत आलेत. आणि मी तिथे येऊन जाहीर काही बोललो तर त्याचा अर्थ काय निघेल, तू विचार कर. सरकारी माणूस आपल्या मेहुण्याच्या खाणीबद्दल गावात जाऊन बोलतो! माझी नोकरी जाईल आणि तुझा फायदा काहीच होणार नाही. लोकांचा राग चार दिवसांचा असतो. दिवाळीनंतर बघू.

मन शांत ठेव. रंगूमावशीला नमस्कार.

रंगनाथ

ता. क. मुलगा झाला. रुद्र नाव ठेवणार आहोत. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं म्हणून ही बातमी यातच कळवतोय.


हरसूल
२४ मे १९९९

रंगनाथ,

पत्ता बदलला आहे. मी, आशा आणि हर्षाली आता हरसूलला भाड्याच्या खोलीत राहतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या भाताच्या लावणीला कोणी आलं नाही. आमच्याकडे एकमेकांच्या शेतात लावणी करायची रीत आहे, मजुरीने कोणी येत नाही. रोपं राबाच्या वाफ्यातच पिवळी पडली. तेव्हा निघालो.

आई आली नाही. म्हणाली, मी काही केलं नाय, मी का जाऊ? शनिवारी शाळा सुटली की मी पाड्यावर जाऊन तिचं पाणी भरून ठेवायचो. ते पुरायचं नाही. बायका ओहळात उतरतात तेव्हा एकमेकींचा हात धरून उतरतात, वरची खालचीचा हंडा घेते. आईला त्या रांगेत घ्यायच्या नाहीत. ती सगळ्या वर आल्यावर एकटी जायची.

दोन आठवड्यांपूर्वी मंगळवारी ती कड्यावरून पडली. लगेच गेली नाही. ओहळात पडून हाका मारत होती. वर घरं आहेत, अंगणात माणसं होती. खाणीचं मशीन चालू होतं म्हणून ऐकू आलं नाही, असं ते म्हणतात. अक्काआत्याचं घर तर कड्याच्या तोंडाशी आहे. संध्याकाळी गुराख्याने पाहिलं, तो हरसूलला सांगायला पळत आला. मी पोचलो तेव्हा आईचे डोळे उघडे होते आणि ती थंड पडली होती.

तिरडीला खांदा द्यायला पाड्यातून कोणी उठलं नाही. सगळ्यांची दारं उघडी होती. बसून बघत होते. मी, शाळेतले दोन शिक्षक, आणि चौथा खांदा आशाने दिला. सहादूबाबाच्या अंगणावरून जाताना मी थांबलो. म्हटलं, "बाबा, तिचं तरी काय चुकलं?" त्याने मान दुसरीकडे वळवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हे मी पाहिलं. पण उठला नाही.

दहाव्याला किशोरशेठचा सुपरवायझर पाड्यावरच्या आमच्या घरी साखरेची पिशवी घेऊन आला. दारू प्यालेला होता. मला म्हणाला, "मास्तर, राग धरू नका. साहेबांनी सर्व्हेतच लिहून ठेवलं होतं, झरा हंगामी आहे, शिमग्यानंतर आटतो. बारमाही लिहिलं असतं तर परवाना मिळालाच नसता. तुमचं नाव पुढं करायचं पण साहेबांनीच सांगितलं."

तू आमच्या घरी जेवलास. तुझ्या लग्नाच्या आधी तू हे लिहिलंस की नंतर, एवढंच मला विचारायचं होतं. आता तेही नको.

येऊ नकोस.

चंदर भोये


नाशिक
५ फेब्रुवारी २००६

प्रिय मित्र श्री. चंदर भोये यांस,
स. न. वि. वि.

सात वर्षांनी पत्र लिहितो आहे. फाडून टाकण्याआधी एकदा वाच.

खाणीच्या परवान्याला दहा वर्षं पूर्ण होत आहेत. नूतनीकरणाच्या वेळी कुड्याच्या पाड्याच्या लोकांनी तक्रार दिली आहे. खाणीवरून काढून टाकलेल्या एका सुपरवायझरने त्यांना सगळं सांगितलं, माझं आणि किशोरशेठचं नातंसुद्धा. पुढच्या महिन्यात अधिकारी जागेवर येऊन जबाब घेणार आहेत. झरा बारमाही होता असं ठरलं तर खाण बंद होईल, आणि माझा त्या वेळचा अहवाल खोटा ठरेल. माझी बढती तोंडावर आहे. बढती राहू दे, नोकरी जाईल. रुद्र आठ वर्षांचा आहे.

अधिकाऱ्यांना पाड्यातल्या लोकांचं खरं वाटणार नाही, सगळे फिर्यादी आहेत. माझं वाटणार नाही, मी आरोपी आहे. त्यांना मधला, शिकलेला, तिथलाच माणूस हवा आहे. असा एकच आहे.

तू मला कधी क्षमा करणार नाहीस हे मला माहीत आहे. मागतही नाही. पण चंदर, तू त्या लोकांसाठी बोलणार आहेस का? तुझी आई ओहळात हाका मारत होती आणि ते अंगणात बसून होते. मशीनचा आवाज होता म्हणे. मी किशोरशेठना विचारलं. मंगळवारी हरसूलकडच्या लाइनीला वीज नसते, त्या दिवशी दुपारनंतर खाण बंद होती. आवाज नव्हता. त्यांना ऐकू येत होतं.

हे तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून कळवलं.

आपला,
रंगनाथ


हरसूल
१२ एप्रिल २००६

रंगनाथ,

जबाब झाला. तुझ्या कानावर आलंच असेल, पण कसा झाला ते तुला कोणी सांगणार नाही. म्हणून लिहितो.

तुझं पत्र आल्यानंतरच्या बाजाराला सहादूबाबा आणि अक्काआत्या माझ्या खोलीवर आले. बाबाला आता दिसत नाही, आत्याने हाताला धरून आणला होता. तो जमिनीवर बसला आणि माझे पाय चाचपडायला लागला. मी पाय मागे घेतले. म्हणाला, "चंदर, आमी तुला फुकट जाळलं. तू काय केलं नव्हतंस. आता तू आमच्यासाठी बोल. तुझ्याशिवाय आमचं कोन ऐकंल?" आत्या पदर तोंडाला लावून उभी होती. मी एकच विचारलं. "आत्या, आईचा आवाज ऐकू आला होता का?" तिने पदर तोंडावरून काढला. मग म्हणाली, "आला व्हता." आशा आतून ऐकत होती. तिने त्या दोघांना चहा करून दिला. आठ वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते घडलं होतं. मी म्हटलं, येतो.

तुझ्या साहेबांनी वर, आटलेल्या झऱ्याच्या उंबराखालीच खुर्च्या मांडल्या होत्या. सगळा पाडा जमला होता. मला पुढे बसायला लावलं. बायकांनी आशाला मध्ये घेतलं, कोणी तिच्या केसांत फुलं माळली. हर्षाली पोरांबरोबर खेळत होती. एकेकाने जबाब दिला. साहेब लिहून घेत होते, पण तोंडावर कंटाळा दिसत होता. शेवटी माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही सांगा. हा झरा बाराही महिने वाहायचा का?"

मी म्हटलं, "नाही साहेब. हंगामी होता. शिमग्यानंतर आटायचा."

साहेबांनी परत विचारलं, नक्की का? मी म्हटलं, मी इथेच जन्मलो. मी खोटं कशाला बोलू?

कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं, अंगावर येतील. मी त्यासाठी तयार होतो, मला ते हवंही होतं. सहादूबाबाला दिसत नाही, तो शेजारच्याला विचारत होता, "काय म्हनला? चंदर काय म्हनला?" कोणी त्याला सांगेना. शेवटी अक्काआत्याने सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र तिच्याकडेच पाहत होतो, आणि तुला खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला बरं वाटलं. किती तरी वर्षांनी पोट भरून जेवल्यासारखं. संध्याकाळपर्यंत टिकलं ते.

तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. तू माझ्या मनात कुठेच नव्हतास. तुझी नोकरी वाचली हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

खाण पुन्हा चालू आहे. आता वरच्या अंगालाही सुरुंग लावतात.

आशा त्या दिवशी माझ्याबरोबर परत आली नाही. हर्षालीला घेऊन आमच्या पाड्यावरच्या जुन्या घरात गेली. लोकांनी तिला पत्रे घालून दिले, कूड लिंपून दिला. परवा मी आणायला गेलो. पाड्यातून चालत गेलो तरी कोणी वाट अडवली नाही, कोणी शिवीही दिली नाही. आशा दाराआडून बाहेर आली नाही. हर्षाली आली. तिने माझ्यासमोर तांब्या ठेवला. ती आता बायकांबरोबर ओहळात उतरते, तिच्या दोन्ही कोपरांना खरचटलं आहे. मी म्हटलं, तहान नाही, आणि उठलो.

ती म्हणाली, "बाबा, पिऊन टाका. ओतलेलं परत हंड्यात टाकत नाय, आनी सांडायचं नसतं."

मी उभ्या उभ्या सगळा तांब्या प्यालो आणि निघालो.

चंदर